पाठदुखीचें मूळ गोठ्यांत

शेतकऱ्याच्या पाठीस कळ लागली कीं ती बहुधा नांगराच्या किंवा पोत्यांच्या खातीं जमा होते. पुष्कळ वेळां तो जमाखर्च बरोबरही असतो व कांहीं आठवड्यांत दुखणें उतरतें. परंतु जें दुखणें महिनोन्‌महिने हटत नाहीं, त्याचें खातें पुन्हा उघडून पाहिलें पाहिजे.

आमच्या परिचयाचे एक बागाईतदार सहा महिने कंबर धरून चालत होते. चोळणें, शेकणें, पट्टा, सर्व झालें. क्ष-किरणांच्या चित्रांत मणक्यांची थोडी झीज दिसली, आणि तीच कारण म्हणून ठरून गेली. पुढें संध्याकाळीं कणकण येऊं लागली, रात्रीं घामानें गोधडी भिजे, अंगावरचें मांस उतरलें. तेव्हां दुसऱ्या डॉक्टरांनीं आधीं नवें चित्र न मागतां विचारलें, "गोठ्यांत यंदा कोणी गाभ टाकला काय?" एका म्हशीनें सातव्या महिन्यांत टाकला होता, आणि अडकलेली वार यांनीं उघड्या हातांनीं काढली होती! रक्त तपासतांच ब्रुसेला जंतूंविरुद्धचीं द्रव्यें भरपूर निघालीं, मग एम्. आर्. आय्. मध्यें कंबरेचे दोन मणके व त्यांमधील चकती सुजलेली दिसली. तीन महिने औषधें नेमानें घेतल्यावर ते पेरणीस पाभरीमागें उभे राहिले.

हे जंतु डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ सालीं माल्टा बेटावर शोधिले. ते शेळीच्या दुधांतून माणसांत येतात हें तेथेंच १९०५ सालीं कळलें. गाईम्हशींचें कच्चें दूध व वार हींही तशींच वाहकें होत.

मग पहिल्या चित्रानें फसविलें काय? आम्हीं महसूल खात्यांत उभी हयात घालविली, म्हणून आमच्या भाषेंत सांगतों. सातबाऱ्यावर नोंद दिसते. ती कशी आली हें फेरफार पाहिल्यावांचून कळत नाहीं. अमेरिकेंत पाठ मुळींच न दुखणाऱ्या ९८ माणसांचें एम्. आर्. आय्. काढलें, तों त्यांपैकीं अवघ्या ३६ टक्क्यांच्या सर्व चकत्या निर्दोष निघाल्या. हें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां झीज दिसली म्हणजे तीच दुखते असें नव्हे. उलट मणक्याचा क्षय साध्या क्ष-किरणांत आरंभीं दिसतच नाहीं. हाड बरेंच खाल्लें गेल्यावर दिसतो. त्याचा निर्णय बहुधा सुईनें तुकडा काढून तपासल्यावर होतो. दोन्ही रोगांत पाठ दुखते, ताप येतो, औषधयोजना मात्र वेगळी. म्हणून अदमासानें औषध घेणें धोक्याचें.

ज्यास पाठीबरोबर ताप, रात्रींची कळ किंवा वजनाची घट आहे, त्यानें डॉक्टरांस गुरांची हकीकत न विचारतांही सांगावी. पायांतील शक्ति जाऊं लागली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

दूध उकळूनच प्यावें. गाभ टाकलेल्या जनावराची वार हातमोज्यांवांचून शिवूं नये. ती खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी व पशुवैद्यांस कळवावें. कालवडी-पारड्यांस चार ते आठ महिन्यांच्या वयांत या रोगाची लस एकदांच टोचतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिचा समावेश केलेला आहे. ती वासराच्या वयाची मुदत टळण्यापूर्वीं टोंचून घ्यावी.