सहा टिंबांची बाजू

कायद्यांचा भाग आधीच उरकून घेतो, तो आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९७४ची एकात्म शिक्षण योजना, १९९५चा कायदा, मग २०१६चा. अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, परीक्षेला लेखनिक आला, तीन तासांच्या पेपराला तासभर जादा मिळू लागला. चांगले झाले. रॅम्पचेही थोडक्यातच. नियम असा की एक फूट चढाला बारा फूट लांबी हवी. आमच्याकडे कोकणात शाळेचे जोते तीन फुटांचे आणि पुढ्यात अंगण जेमतेम दहा फुटांचे. ठेकेदार त्यात बसवतो त्या उतारावर पोरे घसरगुंडी खेळतात. शाळेपर्यंत यायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, त्यामुळे शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची पडवीत आणि तिच्यावर सुपाऱ्या वाळत घातलेल्या. रत्नागिरीत आविष्कार संस्थेने मतिमंद मुलांसाठी शाळा आणि कार्यशाळा उभी केली, तिच्यावर जाणकारांनी स्वतंत्र लिहावे.

मला लिहायचे आहे ब्रेलवर. अंध मुलाला पहिलीपासून मोबाइल द्या, धडे ऐकवा, ब्रेल ही जुनाट कसरत आहे, असे हल्ली चर्चासत्रांतून ठणकावून सांगतात. सांगणारे स्वतःचे भाषण मात्र कागदावरूनच वाचतात.

लुई ब्रेलने पंधराव्या वर्षी, १८२४ साली, सहा टिंबांची ही लिपी बसवली. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि देशातल्या भाषा एका चौकटीत आल्या. तिची रचना मला अजून भुरळ घालते. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते. ब्रेलमध्ये ‘दिन’ लिहिताना आधी द, मग इ, मग न, जिभेवर येते त्याच क्रमाने. जोडाक्षराच्या आधी चौथ्या टिंबाची खूण, म्हणजे बोटाला आधीच इशारा. क, ल, म, न यांच्या खुणा इंग्रजी के, एल, एम, एन यांच्याच, त्यामुळे मराठी पक्की झालेले मूल निम्म्या तयारीने इंग्रजीत उतरते. आणि मुख्य म्हणजे शुद्धलेखन. ‘दिन’ आणि ‘दीन’ मराठी कानाला एकच. बोटाला नाहीत. ऱ्हस्व इ म्हणजे दुसरे आणि चौथे टिंब, दीर्घ ई म्हणजे तिसरे आणि पाचवे. नुसते ऐकून शिकलेल्या मुलाला हा फरक कळणार कुठून?

लिहिताना पाटीत जाड कागद अडकवायचा, टोचणीने उजवीकडून डावीकडे टिंबे पाडत जायचे, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. पोरांना हे खेळता खेळता जमते, प्रशिक्षणाला आलेल्या गुरुजींची बोटे अडखळतात. देवरुखकडची एक मुलगी उजव्या बोटाने ओळ संपवत असे तेव्हा तिचे डावे बोट पुढच्या ओळीचा आरंभ शोधून बसलेले असे. तिचा वेग डोळसांनी हेवा करावा असा. शत्रू एकच, पाऊस. श्रावणात कागद सादळतो, टिंबे बसतात, म्हणून पुस्तके चुलीजवळच्या फळीवर उभी ठेवायला आम्ही घरोघर सांगत असू.

मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती अंध विद्यालय आहे. स्वागत थोरातांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढले, तेव्हा बोटांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचायला मिळाले. पण गावातल्या साध्या शाळेत बसलेल्या एकट्या अंध मुलाचे काय? त्याच्याकडे पोहोचणार तो फिरता विशेष शिक्षक. तो कंत्राटी, शाळा डोंगराआड विखुरलेल्या, एसटी दिवसातून दोनदा. पूर्वी तो मुलाशेजारी बसून बोट धरून टिंबे गिरवून घेई. आता त्याचा दिवस माहिती भरण्यात आणि साहित्यवाटपाचे फोटो पाठवण्यात जातो. वाटलेल्या पाट्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही येत नाहीत.

दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून राज्यात पहिला, याचा मलाही अभिमान आहे. पण अंध मुलाच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ लेखनिकाचे असतात, गुणही त्याच्याच वेलांट्यांना मिळतात. लेखनिक काढून घ्या असे मी म्हणत नाही. ज्याला ब्रेलमध्ये लिहायचे आहे त्याच्यासाठी पाटी, कागद आणि ते वाचणारा परीक्षक ठेवा, एवढेच म्हणतो. यावर मला ‘काळाबरोबर चला’ असे ऐकवले गेले. पुढच्या चर्चासत्राला बोलावले तर मी पाटी आणि टोचणी घेऊन जाणार आणि व्यासपीठावरच्या प्रत्येकाला स्वतःचे नाव टोचायला सांगणार, उजवीकडून डावीकडे. बोलावतील असे वाटत नाही.