घरच्या गाडीची तपासणी

आमच्या दुकानातील तराजूस ठरल्या मुदतीने सरकारी शिक्का लागतो. मालमोटारीचे योग्यता-प्रमाणपत्र पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी, पुढे प्रतिवर्षी नवे करावे लागते. घरच्या स्कॉर्पिओ-बोलेरोस मात्र नोंदणीपासून 15 वर्षे अशी तपासणीच नाही. नंतरही ती दर 5 वर्षांनी! धुराचा दाखला असतो, पण त्यासाठी ब्रेक कोणी पाहत नाही. धान्याची पोती तपासलेल्या गाडीतून जावीत आणि मुलेबाळे न तपासलेल्या गाडीतून तवंदी घाटाने स्तवनिधीच्या दर्शनास न्यावीत, हा हिशेब आम्हांस पटत नाही. चातुर्मास संपताच सभासद बंधूंनी ब्रेक, स्टिअरिंग व दिवे मिस्त्रीकडून पाहून घ्यावेत. टायर घरीही पाहता येतो: खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की खाचेतील उंचवट्याची खूण वरच्या रबराशी समपातळीत येते.