ऑइल काळं पडलं म्हणून ट्रान्समिशन गेलं?

अमेरिकेत २००० च्या आसपासची डॉज कॅराव्हॅन अजून चालवणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं: "ऑइल काळं पडलंय, वासही येतोय, ट्रान्समिशनचं आता काही खरं नाही." हा निष्कर्ष घाईचा आहे. या व्हॅनच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला लागणाऱ्या एटीएफ+४ ऑइलचा लाल रंग टिकाऊ नसतोच. गाडी चालते तसं ते तपकिरी होत जातं. रंग आणि वासावरून हे ऑइल पारखू नका, असं खुद्द क्रायस्लरच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे.

खरी पारख ट्रान्समिशनच्या तळाचा ऑइल पॅन उतरवल्यावर होते. त्याला ड्रेन प्लग नाही, म्हणून एका कोपऱ्याकडून बोल्ट सैल करत ऑइल हळूहळू निथळू द्यायचं. आत एक चुंबक असतं. त्यावर बोटाला गुळगुळीत लागणारा राखाडी थर असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा धातूचे तुकडे सापडले, तर मात्र पुढचं काम मेकॅनिकचं. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग वर खाचेतच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. तिच्यावरच नवी बसवली तर फिल्टर घट्ट बसत नाही आणि पंप हवा ओढतो.

पॅन काढला की सगळं ऑइल बदलतं, हाही गैरसमजच. निघतं चार-एक लिटर, आणि जवळपास तेवढंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये व इतरत्र राहून जातं.

'कुठलंही लाल ऑइल चालतं' या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केलं. हे ट्रान्समिशन १९८९ च्या गाड्यांपासून आलं. त्याचे क्लच विशिष्ट घर्षणाच्या ऑइलसाठीच बनवलेले. डेक्सरॉन हे दुसऱ्या प्रकारचं लाल ऑइल घातलेल्या गाड्या थरथरायला लागल्या. डब्यावर एटीएफ+४ लिहिलेलं असेल तेच घ्या.

गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये अडकली, तरी लगेच भंगारात काढू नका. बिघाड जाणवला की गाडीचा कॉम्प्युटर मुद्दामच ट्रान्समिशन त्या गिअरवर रोखून धरतो. दोष पुष्कळदा बाहेरून बदलता येणाऱ्या स्पीड सेन्सरचा निघतो. आधी कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचून घ्या.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच. आणि पातळी बघायची ती ऑइल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून पार्कमध्ये. बंद इंजिनावर डिपस्टिक पातळी चुकीची दाखवते.