जनरेटरवरचं झाकण

बंगळुरूत उन्हाळ्यात वीज गेली की दुकानांच्या पायऱ्यांवर पेट्रोलचे छोटे जनरेटर फटफटायला लागतात. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट वर राहून शिडाच्या नौकांवरच्या जनरेटरबद्दल वाचत बसणं हा माझा जुना नाद आहे. घरचे हसतात, हसोत.

वाऱ्यावर नौका चालते, वायरलेस चालत नाही. 1968 सालच्या ‘संडे टाइम्स’च्या एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत हे फार कठोरपणे दिसलं. नऊ जण निघाले, एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पोचले. त्यांची ‘सुहैली’ मुंबईत, सागवानात बांधलेली. बॅटरी चार्ज करणाऱ्या इंजिनाचा पॉइंट सेट करायला त्यांच्याकडे फट मोजायचा फीलर गेज नव्हता. गड्यानं पुस्तकाची पानं मोजली: दोनशे पानांचा एक इंच, म्हणजे तीन पानं घातली की हवी तेवढी फट. आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक या जुगाडाला दाद देईल.

पण मी अडकलो तो याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टपाशी. जन्म 1932, गाझियाबाद; वडील इथे रेल्वेत. देश स्वतंत्र झाल्यावर कुटुंब इंग्लंडला परतलं. पुढे त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा काढला आणि तो कर्जात बुडाला. त्याच्या तीन सांगाड्यांच्या ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’मध्ये नौका कलंडली तर सावरणारा संगणक असणार होता. प्रत्यक्षात रंगीत वायरींचे जुडगे होते, पलीकडच्या टोकाला काहीच नव्हतं! शर्यतीला निघण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, तो तसाच निघाला.

जनरेटर होता कॉकपिटच्या फळीखाली आणि वरचं झाकण गळकं. नोव्हेंबरच्या मध्यालाच खाऱ्या पाण्यानं जनरेटर भिजला. त्यानं नोंदवहीत हिशेब मांडला: वीज नाही म्हणजे वायरलेस नाही, दिवा नाही, अचूक वेळ कळवणारा संकेत नाही. विजेच्या माणसानं विजेचं यंत्र पाणी साचेल अशा जागी ठेवू द्यावं, याला मी घाईशिवाय दुसरं कारण देऊ शकत नाही.

जानेवारी 1969 मध्ये त्यानं संदेश धाडला: गॉफ बेटाच्या आग्नेयेला आहे, जनरेटरचं झाकण सील करतोय. झाकण सील म्हणजे जनरेटर बंद, जनरेटर बंद म्हणजे वायरलेस बंद. खोटं बोलायला याहून खरं कारण कुठलं? गॉफ बेट दूरच राहिलं होतं. तो दक्षिण अमेरिकेच्या बाजूला घुटमळत होता. मग जवळपास तीन महिने त्याचा आवाज नाही. वाचकांना नेहमी त्याचं वेड सांगितलं जातं. मला वाटतं, आधी ते झाकण सांगायला हवं.

10 जुलै 1969 रोजी ‘पिकार्डी’ या टपालजहाजाला त्याची नौका अटलांटिकमध्ये सापडली. नौकेवर कुणी नव्हतं, खऱ्या-खोट्या नोंदी तेवढ्या होत्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपलं 5,000 पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकलं.