दुसरं जावळ

शेवटच्या केमोला पाच आठवडे झाले होते. आंघोळीनंतर डोकं पुसताना पंचा अडकला. इतके महिने तो डोक्यावरून नुसता सरकून जायचा. आरशात पाहिलं तर काहीच दिसेना. खिडकीशी गेले, उन्हात मान तिरकी केली, तेव्हा दिसली. कोवळ्या भेंडीवर असते तशी लव, पांढुरकी, बोटाला लागेल न लागेल इतकी. मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.

केस का जातात, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी समजावलं होतं. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, आणि केसांच्या मुळांतल्या पेशी शरीरात सर्वांत भरभर वाढणाऱ्यांपैकी. डोक्यावरचे दहातले आठ-नऊ केस कुठल्याही वेळी वाढीच्याच अवस्थेत असतात, म्हणून सगळे एकदम जातात. माझे पहिल्या डोसनंतर अठराव्या दिवशी उशीवर उतरले. परत येताना मात्र अशी घाई नसते. महिन्याला जेमतेम सेंटिमीटर, फार तर सव्वा.

लव दिसली तशी सल्ल्यांना सुरुवात झाली. ‘एकदा गोटा कर, दाट येतील.’ हे मला निदान सहा जणींनी सांगितलं, आणि सगळ्या मायेनेच सांगत होत्या. जावळ काढलं की बाळाचे केस दाट येतात, असं आपण ऐकतच मोठे होतो. पण वस्तरा फिरतो कातडीच्या वर. मूळ आत असतं, त्याला वस्तऱ्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. तेलाचंही तसंच. खोबरेल लावलं की कोरडी झालेली कातडी निवते, खाज थांबते. वाढ त्याने होत नाही. मी लावत राहिले, कारण बरं वाटायचं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस वळायला लागले. माझे केस जन्मभर सरळसोट, चापसुद्धा टिकायचा नाही असे. आता कानामागे बांगडीसारखी वेटोळी. केस सरळ येणार की कुरळा, हे मुळाच्या आकारावर ठरतं, आणि केमोतून सावरणारं मूळ काही काळ वेगळ्याच घडणीचा केस काढतं. रंग भरणाऱ्या पेशीही बऱ्याचदा मागाहून जाग्या होतात, म्हणून पहिले केस राखाडी. ‘किती छान दिसतात, फुकटात कुरळे झाले!’ असं एका ओळखीच्या बाईंनी लग्नाच्या मांडवात मोठ्याने म्हटलं. मला ते लागलं. अजूनही आठवलं की लागतं. फुकटात काहीच नव्हतं आलेलं.

आमच्या गल्लीत एक छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. चालवणारी मुलगी तिशीची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने स्कार्फ माझ्या हातून घेतला, घडी करून ठेवला आणि केस भिजवलेच नाहीत. ओले कुरळे केस ताणले जातात आणि वाळले की आखडतात. ओल्यात अर्धा इंच कापला तर वाळल्यावर इंचभर गेल्यासारखा दिसतो. मग तिने मला मागचा आरसा दाखवला. मानेवरचे केस खाली लोंबतात, डोक्यावरचे तेवढ्याच लांबीचे उभे राहतात, त्यामुळे मागे शेपटी आणि वर छत्री झाली होती. ‘काकू, मागचे कापते, वरच्यांना हात लावत नाही. वरचे मागच्यांना गाठेपर्यंत असंच करायचं.’

मशीन तिने बाजूला ठेवलं. नुसती कात्री आणि बारीक दातांची फणी. केस इतके मऊ की दोन बोटांत धरले तरी निसटायचे. ती पुन्हा धरायची. कात्री आडवी न चालवता उभी धरून टोकांना नुसते टोचे मारत होती, म्हणजे कापल्याची रेघ उमटत नाही. वीस मिनिटांत जमिनीवर चिमूटभर केस पडले असतील. डाय करू का, असं मी विचारलं, तर तिनेच थांबवलं. डॉक्टरांना विचारून या, सहा महिने तरी जाऊ द्या, आणि पुडीतली काळी मेंदी तर नकोच. काळा रंग यावा म्हणून तिच्यात डायमधलंच रसायन घातलेलं असतं. दर सहा आठवड्यांनी मी जात राहिले.

याच काळात गावाहून आत्या आल्या, वय शहाऐंशी. स्कार्फ न बांधताच मी दार उघडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. लहानपणी त्यांनी घरात लाल आलवणातली, केशवपन केलेली आजी पाहिली होती. बाईचं केस नसलेलं डोकं म्हटलं की त्यांच्यासमोर तेवढं एकच चित्र होतं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, हे मी शाळेत वाचलं होतं. त्यानंतरही किती घरांत ते चालू राहिलं, हे आत्यांच्या हाताच्या थरथरीत कळलं. रात्री त्यांनीच वाटीत तेल कोमट केलं आणि बोटांच्या पेरांनी जिरवत बसल्या. ‘आमच्या आजीच्या डोक्याला असा हात कुणी लावला नाही गं,’ एवढंच म्हणाल्या.

आता सव्वा वर्ष झालंय. हार्मोनची गोळी रोज चालू आहे, ती पाच वर्षं घ्यायची. तिच्यानेही केस विरळ होतात, आणि कपाळाशी माझे झालेच आहेत. परवा पार्लरच्या खुर्चीवर वरचा एक लांब केस गळून पडलेला दिसला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ठेवून मी तो ताणून मापला. तेरा सेंटिमीटर. टोक राखाडी, रेशमासारखं, पुरतं वळलेलं. मध्ये वळणं सैल होत गेलेली. मुळाकडचे शेवटचे चारेक सेंटिमीटर काळे आणि सरळ. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळत होतं, कुठला महिना कुठे संपला ते.

ती मुलगी कात्री पुसत उभी होती. ‘वळणं काढून टाकू का, काकू? खालून तुमचे जुने केस आलेत.’

मी तो केस कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. ‘मागचे तेवढे काप,’ म्हटलं.