सकाळी पहिलं पाऊल टेकवताच टाचेत कळ? 'हाड वाढलं' म्हणून घाबरू नका, घरचा व्यायाम अन् चांगली चप्पल हाच खरा इलाज

पहाटे उठून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून, पाय ओढत मोरीपर्यंत जावं लागतं. दहा-वीस पावलं चाललं की पाय मोकळा होतो, माणूस कामाला लागतो. दुपारी भाकरी खायला बांधावर बसलं अन् उठलं की पुन्हा तीच कळ. संध्याकाळी घरी येईस्तोवर टाच ठणकायला लागते.

हे दुखणं आता घरोघरी ऐकू येतं. कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं हाड वाढलं. डॉक्टर याला 'प्लांटार फॅसायटिस' म्हणतात. दर दहा माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. जिवाला धोका नाही, पण हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईचंच घ्या. मजुरी किलोवर मिळते. टाच दुखते म्हणून चाल मंदावली की संध्याकाळी काट्यावर कापूस कमी भरतो. त्यात उपचारापायी पैसे जातात ते वेगळेच. म्हणून हे दुखणं नेमकं काय आहे, हे समजून घेतलेलं बरं.

दुखतं ते नेमकं काय?

तळव्याच्या कातडीखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. टाचेच्या हाडापासून निघून तो बोटांच्या मुळापर्यंत जातो. पावलाची कमान या पट्ट्याने धरून ठेवलेली असते. आपण चालतो, ओझं उचलतो, तासन् तास उभे राहतो, तेव्हा प्रत्येक वेळी हा पट्टा ताणला जातो.

खुंटीला बांधलेल्या जनावराचा कासरा आठवा. जनावर रोज ओढ घेतं, पण कासरा मधोमध तुटत नाही, खुंटीच्या गाठीपाशीच आधी विरतो. पायातला पट्टाही तसाच, टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथेच विरायला लागतो. म्हणून दुखरी जागा बहुतेक वेळा टाचेच्या खाली, थोडी पुढे अन् आतल्या बाजूला असते. तिथे अंगठ्याने दाबलं की माणूस कळवळतो.

मग सकाळीच जास्त का दुखतं? रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं. पट्टा अन् पोटरी दोन्ही आखडतात. उठल्या उठल्या सगळं वजन टाकलं की आखडलेला पट्टा एकदम ताणला जातो. जास्त वेळ बसून उठल्यावरही हेच होतं.

कुणाला जास्त होतं?

चाळीस ते साठ वयात हा त्रास जास्त दिसतो. वजन वाढलेलं असणं, पोटऱ्या आखडलेल्या असणं, तळवा सपाट किंवा फार कमानदार असणं, दिवसभर उभं राहून काम करणं, ही मुख्य कारणं. एरवी कमी चालणाऱ्याने एकदम चालणं वाढवलं तरी टाच धरते. वारीला गेलेला माणूस, हंगामाच्या पहिल्या आठवड्यातला ऊसतोड कामगार, भरतीसाठी डांबरी रोडवर पळायला लागलेली पोरं, ही त्याचीच उदाहरणं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पूर्वी घरात सारवलेली जमीन होती, आता फरशी नाहीतर कोबा आला. बायाबापड्या त्या कडक फरशीवर पहाटेपासून अनवाणी उभ्या असतात. दुखऱ्या टाचेला हे सोसत नाही.

'हाड वाढलं' म्हणजे काय?

एक्स-रे काढला की बऱ्याच जणांच्या टाचेच्या हाडाला पुढे काट्यासारखं टोक दिसतं. ते पाहून माणूस हबकतो. हाड वाढलं, आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, असं वाटतं. पण असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांनाही असतो. उलट टाच जोरात दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत काही दिसत नाही. दुखणं मुख्यतः पट्ट्याचं आहे, काट्याचं नाही. काटा तसाच राहतो आणि दुखणं मात्र थांबतं, असं बहुतेकांच्या बाबतीत होतं.

डॉक्टर बहुधा लक्षणं ऐकून अन् टाच दाबूनच निदान करतात. मार लागलेला असेल किंवा दुसरी काही शंका असेल तर एक्स-रे लागतो.

रोज करायचे चार व्यायाम

याला पैसा लागत नाही. नेम मात्र मोडायचा नाही.

१) अंथरुणातच पट्टा ताणा : पाय जमिनीला टेकवण्याआधी बसूनच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्यात ताण जाणवला पाहिजे. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करा. त्यातली पहिली वेळ पहिल्या पावलाआधीचीच हवी. हात पोचत नसेल तर पंचा पावलाला अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा.

२) पोटरी ताणा : भिंतीला दोन्ही हात टेकवून उभे राहा. दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. पोटरीत ताण बसला की तीस अंक मोजा. असं तीन वेळा. नंतर मागचा गुडघा थोडा वाकवून पुन्हा तसंच करा.

३) बाटली फिरवा : पाण्याची प्लास्टिकची बाटली थोडी रिकामी ठेवून फ्रीजमध्ये गोठवा. संध्याकाळी कामावरून आल्यावर खुर्चीत बसून, बाटलीला फडकं गुंडाळून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं मागेपुढे फिरवा. फ्रीज नसेल तर साध्या पाण्याची बाटली किंवा लाटणंही चालतं, फक्त थंडाव्याचा फायदा मिळत नाही.

४) पायरीवर टाच उचला : कळ थोडी कमी झाली की हा व्यायाम सुरू करावा. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग ठेवा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी द्या, भिंतीला धरा. तीन अंकांत टाच वर, दोन अंक वरच धरा, तीन अंकांत सावकाश खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, बळ आलं की एका पायावर. एका दमात बारा वेळा, असे तीन दम, एक दिवसाआड. याने पट्टा अन् पोटरी दोन्हींत बळ येतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली वाटली तर समजावं की जास्त झालं. दोन दिवस कमी करून पुन्हा हळूहळू वाढवावं.

चप्पल आधी बदला

पायातली स्लीपर काढून उलटी करून पाहा. टाचेखाली झिजून पातळ झाली असेल, एका बाजूने खाल्ली असेल, मधोमध दुमडत असेल, तर तिचं काम संपलं. एकदम सपाट अन् कडक तळाची चप्पलही टाचेला त्रास देते.

टाचेखाली मऊ, कमानीला आधार देणारी, टाच थोडी उंच असलेली अन् मागे पट्टा असलेली सॅंडल किंवा बूट चांगले. मऊ रबराची 'एमसीआर' चप्पलही अनेकांना मानवते. मेडिकलमध्ये टाचेखाली ठेवायच्या सिलिकॉनच्या गाद्या मिळतात, त्या बुटात घालता येतात. गादी घ्यायची तर दोन्ही पायांना घ्या, नाहीतर चाल बिघडते.

घरात चप्पल घालणं आपल्याकडे बऱ्याच जणांना पटत नाही. त्यावर तोड म्हणजे घरातल्या घरात वापरायचा एक वेगळा स्वच्छ जोड ठेवावा, देवघरापाशी तो काढावा. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पायाखाली जाड रबरी चटई किंवा घडी घातलेली सतरंजी टाकली तरी फरक पडतो.

काम सोडता येत नाही, मग काय करावं?

खाटेवर पडून राहा असं कुणी सांगितलं तरी शेतकऱ्याला अन् मजुराला ते जमत नाही, अन् त्याची गरजही नाही. पूर्ण आराम केला तर पोटरी आणखी आखडते. काम चालू ठेवून टाचेवरचा भार मात्र कमी करायचा.

- डोक्यावर एक मोठं गाठोडं नेण्यापेक्षा दोन लहान खेपा करा.
- सलग उभं राहण्याचं काम असेल तर मध्ये मध्ये बसा. निवडणं, सोलणं अशी बसून करायची कामं मधल्या वेळेत घ्या.
- बसून उठताना लगेच चालू नका. आधी पाऊल चार-पाच वेळा वर-खाली हलवा, बोटं ओढा, मग उठा.
- पळण्याचा सराव करणाऱ्या पोरांनी काही आठवडे अंतर कमी करावं, डांबरी रोड सोडून मातीच्या मैदानावर पळावं.
- वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी टाचेला उतार पडतो.

हे मात्र करू नका

बिब्बा लावणं, डाग देणं, तापलेल्या विटेवर टाच ठेवणं हे उपाय अजून चालू आहेत. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. टाचेचं दुखणं जागच्या जागी राहतं, वर जखमेपायी कामाचे दिवस बुडतात. साखरेचा आजार असलेल्यांनी तर हे अजिबात करू नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, किती भाजलं ते कळत नाही आणि साध्या जखमेतून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा माणसांनी बर्फाची बाटलीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मेडिकलमधून चिठ्ठीविना दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणं हीसुद्धा मोठी चूक. अशा गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतात, किडनीवर परिणाम होतो, बीपी वाढू शकतो. चार-आठ दिवस लागल्याच तर डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

टाचेत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दलही समजून घ्या. त्याने लवकर आराम पडतो, पण तो बहुधा काही आठवडेच टिकतो. वरचेवर घेतलं तर पट्टा तुटण्याचा अन् टाचेखालची नैसर्गिक गादी झिजण्याचा धोका असतो. फार गरज असेल तेव्हाच, हाडांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावं, आणि घेतलं तरी व्यायाम सोडू नये.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावं?

प्रत्येक टाचदुखी ही पट्ट्याचीच असते असं नाही. खालीलपैकी काही असेल तर घरी वेळ घालवू नका.

- झाडावरून, माळ्यावरून पडल्यावर किंवा उडी मारल्यावर टाच दुखू लागली, पाय टेकवता येत नाही.
- पळताना, चालताना 'कट्' आवाज होऊन एकदम कळ आली, तळव्याला सूज किंवा निळा डाग आला.
- टाच लाल, गरम, सुजलेली आहे, ताप आहे.
- पायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे, किंवा कळ कमरेतून खाली उतरते.
- पडून असतानाही, रात्री झोपेतसुद्धा ठणका थांबत नाही.
- तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात अन् सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली असते. हा सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो.
- साखरेचा आजार आहे आणि पायाला जखम किंवा भेग आहे.

आठ ते दहा वर्षांच्या पुढची, खेळणारी मुलं टाच दुखते म्हणत असतील तर तो बहुधा वाढत्या वयातल्या हाडाचा त्रास असतो. त्यांनाही एकदा दाखवून घ्यावं.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. गरज पडली तर तिथून जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे अन् फिजिओथेरपी विभागाकडे पाठवतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी अन् उपचार मोफत आहेत. जायला जमत नसेल तर 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेवर मोबाईलवरूनही डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. व्यायाम मात्र फिजिओथेरपीवाल्यांकडून एकदा समोर करून शिकून घेतलेला चांगला.

किती दिवसांत बरं वाटेल?

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. या पट्ट्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो सावकाश भरून येतो. नेमाने केलं तर काही आठवड्यांत सकाळची कळ कमी व्हायला लागते, पूर्ण मोकळं व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात. बहुसंख्य लोक वर्षभराच्या आत ऑपरेशनशिवाय बरे होतात. ऑपरेशनची पाळी फार थोड्यांवर येते.

नेहमी घडतं ते असं : आठ दिवस व्यायाम केला, जरा उतार पडला, सोडून दिला. परत दुखलं की हा उपाय लागू पडत नाही म्हणून गोळी, इंजेक्शन, बिब्बा, मांत्रिक अशी फेरी सुरू. वेचणीला जाणाऱ्या त्या बाईचे पैसे अन् दिवस याच फेरीत जातात. त्यापेक्षा उठल्यावर पाच मिनिटं, झोपताना पाच मिनिटं आणि झिजलेल्या स्लीपरच्या जागी एक चांगला जोड, एवढं हंगामभर सांभाळावं. कळ थांबली तरी पुढे दोन-तीन महिने व्यायाम चालूच ठेवावा, म्हणजे पुढच्या वेचणीला टाच पुन्हा धरणार नाही.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषध, इंजेक्शन अथवा इतर उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)