पाणी बांधलेली शिदोरी

गेल्या वैशाखात आम्ही निघोजच्या कुंडावर गेलो, तेव्हा गाडीत दोन डबे होते. एक माझा, एक आत्याचा. माझ्यात पहाटे पुण्यात भरलेले बटाट्याच्या भाजीचे सँडविच होते, वर काकडी-टोमॅटोच्या चकत्या. आत्याला पारनेरात घेतलं आणि पुढे निघालो. कुकडीच्या पात्रात नदीनं खडकात कोरलेले रांजणखळगे उघडे पडले होते. पाणी कमी असलं की ते नीट दिसतात. मळगंगेच्या देवळाजवळ सावली बघून बसलो, माझ्या डब्याचं झाकण काढलं आणि सगळ्यांनी एकदम नाक मुरडलं. आंबूस वास. ब्रेडचा लगदा.

आत्याच्या डब्यात शेंगदाणा-गुळाचे लाडू होते, ते आठवड्यापूर्वीचे. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ त्याहून जुनं. दुधातल्या दशम्या आदल्या संध्याकाळच्या, आणि कागदाच्या पुडीत कोरडी लसणाची चटणी. ऊन तेच, गाडीची डिकी तीच. तिच्या डब्यातल्या एकाही जिनसेला काही झालेलं नव्हतं.

"आरं, तुझ्या डब्यात पाणी व्हतं," आत्या म्हणाली आणि लाडू पुढे केला.

बोलण्याच्या ओघात आलेलं ते वाक्य मी घरी येऊन तपासत बसलो. अन्नशास्त्राला हीच गोष्ट नीट मांडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला होता. ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १९५३ साली दाखवून दिलं, की जंतू वाढणार की नाही हे पदार्थात पाणी किती आहे यावर ठरत नाही, त्यातलं मोकळं पाणी किती आहे यावर ठरतं. या मोकळेपणाला 'वॉटर अॅक्टिव्हिटी' म्हणतात. शुद्ध पाण्याची १, पार कोरड्या पदार्थाची ०. ताजी भाजी ०.९८ च्या आसपास असते. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली हात टेकतात, बहुतेक बुरशा ०.८० च्या खाली. आणि ०.६० च्या खाली सहसा कुठलाही जंतू त्या पदार्थात वाढू शकत नाही. पदार्थ उन्हात ठेवा, डिकीत ठेवा, एसटीच्या टपावर ठेवा.

हा आकडा मोजायची रीत तर आणखी मजेची आहे. पदार्थ बंद डब्यात ठेवायचा आणि डब्यातल्या हवेची आर्द्रता मोजायची. ती ६० टक्के भरली तर आकडा ०.६०. म्हणजे प्रत्येक लाडू आपल्या डब्यात स्वतःचं हवामान तयार करतो. काही डब्यांत कोकणातला आषाढ असतो, काहींत पारनेरचा वैशाख.

पारनेर हा पावसाच्या छायेतला तालुका. सह्याद्री ओलांडून येईतो ढग रिकामे झालेले असतात. शेतातलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून इथल्या माणसांनी काय काय केलं, ते राळेगणसिद्धीचे नाला-बंडिंग आणि बांध बघून आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. स्वयंपाकघरातही तीच विद्या आहे, फक्त तिची पाटी कुणी लावलेली नाही. शेतात पाणी बांधायचं ते पिकाला मिळावं म्हणून. डब्यात बांधायचं ते जंतूला मिळू नये म्हणून.

गूळ हे काम कसं करतो? साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना असे धरून ठेवतात, की पाणी पदार्थात असतं पण कामाला मोकळं नसतं. जंतूच्या पेशीला ते ओढून घेता येत नाही, उलट तिच्यातलंच बाहेर खेचलं जातं. मीठही असंच वागतं. आत्याच्या लाडवात तर पाण्याचा थेंबही वरून घातलेला नसतो. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, पाखडून सालं उडवायची, गुळाबरोबर कुटायचं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, तेवढ्यावर लाडू वळला जातो. तूप घालायचं तर हौसेनं घाला, गरज नाही.

या लाडवाला जंतू मारत नाहीत, हवा मारते. कुटल्यावर दाण्याच्या पेशी फुटतात, तेल उघडं पडतं, हवेतला ऑक्सिजन त्याला गाठतो आणि लाडू खवट होतो. म्हणून दाणे आख्खे असले की जास्त टिकतात, कूट कमी. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत लाडू संपवावेत. आत्या त्यात मूठभर भाजलेले तीळ टाकते, 'चवीला' म्हणते. तिळात सेसमॉल नावाचं एक द्रव्य असतं. तिळाचं तेल इतर तेलांच्या मानानं उशिरा खवट होतं, ते त्याच्यामुळे. बाजारातल्या वेफरच्या पुड्या फुगवून त्यांत नायट्रोजन भरतात, तोही याच ऑक्सिजनला बाहेर ठेवायला. आपण डबा काठोकाठ भरला तरी बरंच साधतं.

आता लाह्या. मला विचाराल तर आख्ख्या शिदोरीतला हाच खरा चमत्कार.

आत्या ज्वारी उकळत्या पाण्यात टाकते, थोड्याच वेळात उपसते, पाणी निथळवून फडक्यात गच्च बांधते आणि रात्रभर तशीच ठेवते. सकाळी चुलीवर लोखंडी कढई तापवते. किती? हात वर धरून ती सांगते. मग एका वेळी एक मूठ, जास्त नाही. फडक्याच्या बोळ्यानं दाणे कढईत फिरवायचे. पहिले काही क्षण नुसती खरखर. मग एखादा टप्पकन फुटतो, मग चार, आणि मग वळवाच्या पावसानं पत्र्यावर धरावा तसा ताल.

त्या एका टप्पमध्ये काय होतं ते बघा. दाण्याचं टरफल म्हणजे एक इवलासा प्रेशर कुकर. आतल्या पाण्याला वाफ व्हायचं असतं, पण टरफल जागा देत नाही. त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते कोंडलेलंच राहतं. मक्याच्या लाहीवर फ्रान्समध्ये प्रयोग झाले, त्यांत फुटण्याचं तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास निघालं. त्या तापमानाला कोंडलेल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दहापट असतो. ज्वारीचं तंत्रही हेच. आत पिठूळ गर वितळून लापशीसारखा झालेला असतो. टरफल फाटतं, दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि ती त्या वितळलेल्या गराला फेसासारखी फुलवते. फेस हवेत येताच थंड होऊन जागच्या जागी घट्ट होतो. पांढरी लाही म्हणजे गोठलेला स्फोट आहे. ज्या पाण्यानं तिला फुलवलं ते निघून गेलेलं असतं. अन्न शिजवणारं आणि अन्न नासवणारं पाणी एकच, आणि एका क्षणात त्यानं पहिलं काम उरकून दुसऱ्याची संधी घालवलेली असते!

रात्रभर फडक्यात बांधायचं कारण आता कळतं. दाणा फार कोरडा असला तर वाफच पुरेशी होत नाही, फार ओला असला तर टरफल मऊ पडून आधीच दगा देतं. ओल दाण्याच्या गाभ्यापर्यंत सारखी पोचायला वेळ हवा. तरी काही दाणे फुटत नाहीतच. कुणाच्या टरफलाला आधीच बारीक चीर असते, तिथून वाफ निसटते. अशा न फुटलेल्या दाण्याला आपल्याकडे 'गणंग' म्हणतात. हाच शब्द आपण माणसांनाही लावतो, आणि तोही बहुधा अगदी अचूक लावतो.

सगळीच ज्वारी सारखी फुटत नाही. पारनेरच्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं लाह्यांसाठी खास वाण काढलंय. त्याचं नाव 'फुले पंचमी', म्हणजे नागपंचमीच्या लाह्या आठवल्याच पाहिजेत. हुरड्यासाठी वेगळं, 'फुले मधुर'. विद्यापीठानं खाऊसाठी वाण काढावं, याचं मला भारी कौतुक वाटतं.

लाह्या तशाच नेल्या तर डबाभर जागा अडवतात. म्हणून त्या दळून पीठ करायचं. हे पीठ पूर्ण शिजलेलं असतं, वाटेत चूल लागत नाही. ताकात कालवा, मीठ घाला, हवं तर थोडं मेतकूट, की झालं जेवण. गहू आणि डाळं भाजून दळलेल्या सातूच्या पिठाचीही हीच युक्ती, गूळ-पाण्यात कालवलं की पोटाला आधार. पाकिटातल्या 'इन्स्टंट' नाश्त्यांचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

एक पेच मात्र आहे. पारनेर तालुक्यातली कितीतरी घरं मुंबईत पोटासाठी गेलेली. मे महिन्यात येतात आणि परतताना डबे घेऊन जातात. इथे महिनाभर कुरकुरीत राहिलेल्या लाह्या मुंबईत झाकण दोनदा उघडलं की सादळतात. लाह्यांचा यात दोष नाही. कोरडा पदार्थ भोवतालच्या हवेशी बरोबरी होईपर्यंत पाणी ओढत राहतो, आणि मुंबईच्या हवेला देण्यासारखं तेच भरपूर आहे. गूळही तिथे घाम आल्यासारखा चिकट होतो. मुंबईकरांनी मोठ्या डब्याऐवजी चार लहान डबे न्यावेत आणि एका वेळी एकच उघडावा.

दशमीची गोष्ट निराळी. तिथे झगडा जंतूंशी कमी आणि वेळेशी जास्त. भाकरी गार झाली की कडक होते, आणि आपण म्हणतो वाळली. ते अर्धंच खरं. फ्रेंच रसायनज्ञ बूसिंगोनं १८५२ सालीच दाखवलं होतं, की पाव हवाबंद ठेवून त्यातलं पाणी अजिबात जाऊ दिलं नाही तरी तो शिळा होतो. शिजताना विस्कटलेले पिठातले स्टार्चचे रेणू गार होताना पुन्हा रांगेत उभे राहतात, त्या शिस्तीचा हा कडकपणा. फ्रिजमध्ये तर ही कवायत आणखी जोरात चालते, म्हणून भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नये. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलं, थोडा गूळ घातला, की दुधातली स्निग्धता आणि साखर त्या रांगेत मध्येमध्ये घुसतात. रेणूंना खांद्याला खांदा लावता येत नाही. दशमी दुसऱ्या दिवशीही तुकडा मोडता येईल इतकी मऊ राहते. पण दुधामुळे तिच्यात ओल असते, तेव्हा वैशाखात तिच्यावर फार दिवस विसंबू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाऊन टाका.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. तो रस्ता पारनेर तालुक्यातल्या सुप्यावरून जातो. त्या गाडीत कुणाच्याच मांडीवर फडक्यात बांधलेली दशमी-चटणी नव्हती, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. पुढे 'शिदोरी' हा शब्द निरोपसमारंभांनी पळवला, आणि त्यातली भाकरी कुठेतरी स्टेजमागे राहून गेली.

उन्हात अंगातलं पाणी जातं, ते भरून काढायचं तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही. इथे कैरीचं पन्हं येतं. आत्या उकडलेल्या कैरीचा गर गूळ, मीठ, वेलची घालून घट्ट कालवते आणि लहान बाटलीत भरून नेते. पाणी तिथे गेल्यावर घालायचं. १९६० साली प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकाच दारानं हातात हात घालून आत जातात. त्यांच्यामागोमाग पाणीही जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पन्ह्यात मीठ आहे, गूळ आहे, म्हणजे दाराची किल्ली आहे. पण आपलं पन्हं औषधाच्या मानानं फार गोड असतं. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडीच घ्यावी, पन्ह्यावर भागवू नये.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. तोच मुठीनं फोडून मिठाबरोबर भाकरीशी खाल्ला तर गोष्ट वेगळी. त्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं.

जेवण झाल्यावर मी खळग्यात डोकावलो. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे पावसाळ्यामागून पावसाळे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळा पाषाण घासून हे रांजण केले. म्हणजे खलबत्ताच की, फक्त कुटणारं पाणी. आत्या म्हणाली, "लई वाकू नगं." बरोबर होतं तिचं. कडा गुळगुळीत आहेत, खोली डोळ्यांना कळत नाही. पोरं बरोबर असतील तर हात सोडू नका.

आणि या उन्हाळ्यात निघणार असाल तर लाह्यांचं पीठ कोरडं न्या, पन्ह्याचा गर बाटलीत न्या, लाडू काठोकाठ भरलेल्या डब्यात न्या. ताक मात्र घरून नेऊ नका. ते वाटेत ताजं घ्या आणि बसल्यावरच कालवा.